सक्ती नाही, म्हणे!

मोबाइलवरच्या क्रिकेट-फुटबॉलच्या गेममध्ये पोरं पैसे घालतात हा विषय निघाला, की समोरून एक उत्तर ठरलेलं असतं. ‘गेम फुकट आहे. पैसे भरायची सक्ती कोणी केली? ज्याला परवडतं तो भरेल, ज्याला नाही तो नुसता खेळेल.’ हे उत्तर कंपन्या देतात, गेम खेळणारे देतात आणि आमच्या मोहगावात शिकलेसवरलेले पालकसुद्धा देतात. ते ऐकायला इतकं रास्त वाटतं, की त्यावर पुढे बोलणाराच भांडखोर ठरतो. तो आळ पत्करून मी बोलणार आहे.

आधी एक स्पष्ट करतो. माझं भांडण खेळाशी नाही. मोहगाव सौंसर तहसिलीत, म्हणजे २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी, अशी इथली पोट्टी वाढतात. संध्याकाळी मैदानात टेनिस बॉल आणि रात्री पांघरुणात मोबाइलवरचं क्रिकेट, हे आता सगळीकडचंच चित्र आहे. त्यानं पोरं बिघडतात असं मानणाऱ्यांत मी नाही. गेम बनवणं हे कसबाचं काम आहे आणि त्याचे पैसे बनवणाऱ्याला मिळायलाच हवेत. माझा आक्षेप एका विशिष्ट धंद्यावर आहे: खेळातली प्रगती विकायची, आणि तीही नशिबाच्या बंद पुडीत बांधून.

ही प्रगती म्हणजे काय, हे गेम न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. या खेळांत प्रत्येक खेळाडूला आकडे चिकटवलेले असतात. फलंदाजी ६२, वेग ७०, झेल ५५, असे. सामने खेळावे, नाणी मिळवावी, त्या नाण्यांनी आकडे वाढवावे, म्हणजे पुढचा तगडा संघ हरवता येतो. मेहनत केली की हात बसतो, या मैदानातल्या सत्याची ही पडद्यावरची नक्कल. कल्पना सुंदर आहे. २००६ साली ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ आला. त्यानंतर ईएनं संगणकासाठी नवा क्रिकेट गेम काढला नाही, तरी हाच गेम भारतात वर्षानुवर्षं खेळला गेला. हौशी लोकांनी नवे संघ, नवे पोशाख, नवी मैदानं स्वतः तयार करून एकमेकांना वाटली. त्या खेळात हरलात तर बोटं चुकली म्हणून हरलात. पाकीट काढून जिंकायची सोयच नव्हती, आणि तिच्यावाचून कोणाचं काही अडलंही नाही.

आता सक्तीच्या मुद्द्याकडे येतो. पैसे भरणारा म्हणतो, ‘मी नोकरी करतो. महिनाभर सामने खेळून नाणी जमवायला मला वेळ नाही. थोडे पैसे दिले, वेळ वाचला, यात कोणाचं काय गेलं?’ पण तो महिना आला कुठून? खेळाडूचा आकडा ६२ वरून ८० वर जायला दहा सामने लागावेत की हजार, हे निसर्गानं ठरवलेलं नाही. ते कंपनीच्या कार्यालयात ठरतं. आणि ज्या टेबलावर ते ठरतं, त्याच टेबलावर नाण्यांची किंमतही ठरते. वाट जेवढी लांब, तेवढा आडवाटेचा टोल जास्त. मग विकणाऱ्याला वाट छोटी करण्यात काय स्वारस्य उरेल? म्हणजे तुम्ही वेळ वाचवण्याचे पैसे देत नाही. तुमच्या पायात जो दगड बांधला आहे, तो सोडवण्याचे पैसे देता, आणि बांधणारा नि सोडवणारा एकच आहे.

ही माझी कल्पनाशक्ती नाही. २०१७ साली ‘एनबीए २के१८’ हा बास्केटबॉलचा गेम आला. तो फुकट नव्हता, पूर्ण किमतीला विकत घ्यायचा होता. त्यात स्वतःचा खेळाडू घडवायचा. तो ६० च्या आसपास सुरू व्हायचा आणि त्याचे आकडे वाढवायला गेममधलं चलन लागायचं. ते चलन सामने खेळून थेंबाथेंबानं मिळायचं, खऱ्या पैशांनी घागरीनं मिळायचं. गंमत म्हणजे खेळाडूचे केस कापायचे तरी तेच चलन मोजावं लागे. खेळणारे खवळले, तेव्हा कंपनीनं केशकर्तनाचे दर उतरवले. आकडे विकायचं दुकान मात्र तसंच राहिलं आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीतही उघडं होतं. आणि विकत घेतलेली ही प्रगती टिकते किती? ‘एनबीए २के२२’चे सर्व्हर ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंद झाले. ईएच्या फुटबॉलमध्ये ‘अल्टिमेट टीम’साठी जमवलेले खेळाडूंचे पत्ते पुढच्या वर्षीच्या गेममध्ये जात नाहीत. दरवर्षी पाटी कोरी. पैसे भरलेल्यांचीही आणि वर्षभर घाम गाळलेल्यांचीही.

यावर एक चलाख प्रतिप्रश्न येतो: ‘खऱ्या खेळात पैसा नाही का? श्रीमंताच्या पोराकडे इंग्लिश विलोची बॅट असते, कोचिंग असतं. मग गेमलाच का धरता?’ आमच्याच पट्ट्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा पाहा. प्रवेश फी सगळ्या संघांना सारखी असते आणि ती पत्रकावर छापलेली असते. एखाद्याकडे महागडी बॅट असली तरी त्याला तोच बॉलर, तीच खेळपट्टी, तोच अंपायर. बॅट महाग आहे म्हणून अंपायर वाइड देत नाही आणि सीमारेषा चार पावलं आत सरकत नाही. पैसा खेळाच्या बाहेर असमानता आणतो हे मान्य, आणि ती वाईट आहे हेही मान्य. पण गेममध्ये आयोजकच सीमारेषेवर बसून चौकार विकतो. समोरच्या पोराला काय हरवतंय हे कळतसुद्धा नाही. आपण कच्चे पडलो असं त्याला वाटतं, आणि त्याच क्षणी पडद्यावर ‘संघ मजबूत करा’ अशी पाटी येते.

त्या पाटीकडे जरा जवळून पाहू. अशा गेममध्ये साधारण काय दिसतं? गेम उघडला की सामन्याआधी एक चमचमता चौकोन येतो. जुनी किंमत खोडलेली, खाली नवी. शेजारी घड्याळ उलटं धावतंय: तेवीस तास, एकोणसाठ मिनिटं, एक्केचाळीस सेकंद. बंद करायची फुली कोपऱ्यात, शोधावी लागेल एवढी बारीक. तो चौकोन घालवला तर दुसरा. सामना हरला तर तिसरा. उद्या घड्याळ संपतं आणि तोच माल नव्या नावानं परत मांडलेला असतो. २०२३च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अशा १३ प्रकारांची यादी आहे. खोटी घाई लावणं हा त्यातला एक आणि सारखं टुमणं लावणं हा दुसरा. आणि तरी आपण म्हणतो, सक्ती नाही. सक्ती लाठीनंच होते असं थोडंच आहे?

किमतीचंही तेच. रुपये देऊन थेट खेळाडू मिळत नाही. रुपयांची नाणी, नाण्यांची रत्नं, रत्नांची पुडी, आणि पुडीतून नशिबानं निघेल तो खेळाडू. मधे दोन-तीन चलनं आली की पोराला काय, बापालाही हिशेब लागत नाही. पुडीला लागणारी नाणी आणि विकायला ठेवलेली नाण्यांची गाठोडी यांचा आकडा सहसा जुळत नाही. थोडी नाणी उरतात, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुढचं गाठोडं घेतलं जातं. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला २६१ रुपये होती. नऊशे रुपयांचं गाठोडं म्हणजे तीन दिवसांहून जास्त मजुरी. पडद्यावर २६१ शी तुलना होईल असा आकडाच शेवटपर्यंत येऊ नये, यासाठीच ही नाणी असतात.

आता पुडीकडे. जून २०१९ मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीपुढे ईएच्या प्रतिनिधीनं या पुड्यांची बाजू मांडताना अंड्याच्या आकाराच्या, आत खेळणं असलेल्या चॉकलेटचा दाखला दिला. लोकांना अनपेक्षित गोष्टी आवडतात, त्यात गैर काय, असा एकूण सूर. जोखमीचं वावडं आम्हालाही नाही. संत्र्याच्या पट्ट्यात राहतो आम्ही. आंबिया बहाराची फळं झाडावर असतानाच व्यापारी अख्ख्या बगीच्याचा सौदा करतो. गारपीट होऊ शकते, फळगळ होऊ शकते, नागपूरचा भाव कोसळू शकतो. पण सौद्याआधी व्यापारी ओळीओळीतून फिरतो, झाडं पाहतो, फळांचा अंदाज घेतो, भाव रुपयांत बोलतो आणि इसार देतो. पटलं नाही तर शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याला बोलावतो. गेमच्या पुडीत झाडाला किती फळं लावायची हे विकणाराच ठरवतो, घेणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असते, भाव विकणाऱ्याच्याच नाण्यांत असतो आणि दुसरा व्यापारी येण्याची सोय नसते. याला जोखीम म्हणणं हा जोखीम घेणाऱ्या शेतकऱ्याचा अपमान आहे.

हिशेबच करू. फुटबॉलच्या काही गेममध्ये असतात तशी दीडशे खेळाडूंची एक पेटी धरा, आणि तिच्यात तीन भारी खेळाडू. एकदा काढलेला परत पेटीत जात नाही. दहा वेळा हात घातला तर तिघांपैकी एखादा तरी मिळण्याची शक्यता साधारण पाचात एक. पण पोराला तिघांपैकी कोणीही नको असतो, त्याला त्याचा आवडता एकच हवा असतो. तो दहा खेपांत मिळण्याची शक्यता पंधरात एक. म्हणजे दहा खेपांना नऊशेचं गाठोडं लागतं असं धरलं आणि पंधरा पोरांनी तीन-तीन दिवसांची मजुरी ओतली, तर साधारण एकाच्या पदरात हवा तो पडेल. बाकीचे चौदा काय करतील? ‘आता पेटीत कमी उरले, पुढच्या वेळी नक्की,’ असं म्हणत पुन्हा हात घालतील. ज्यांनी आकड्याची चिठ्ठी लावणारा माणूस जवळून पाहिला आहे, त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल.

‘पण कंपन्या शक्यता जाहीर करतात ना!’ करतात. २०१८ पासून ईए पुड्यांवर शक्यता छापते. सर्वांत भारी पत्त्यांसमोर बरेचदा ‘१ टक्क्याहून कमी’ असं लिहिलेलं असे. दोनशेत एक हेही १ टक्क्याहून कमी आणि दहा हजारांत एक हेही. औषधाच्या बाटलीवर असं लेबल चालेल का? आणि २०२१ मध्ये त्याच ईएनं ‘फिफा २१’मध्ये आत काय आहे ते आधी पाहून मग घ्यायच्या पुड्याही आणल्या. म्हणजे माल दाखवून विकता येतो, हे कंपनीनं स्वतःच सिद्ध केलं. झाकून विकणं ही तंत्राची अडचण कधीच नव्हती. २०२१ च्या मार्चअखेर संपलेल्या आर्थिक वर्षात अल्टिमेट टीमनं ईएला १६२ कोटी डॉलर मिळवून दिले, कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे २९ टक्के. झाकण का काढत नाहीत, याचं उत्तर या आकड्यात आहे.

पुढचा मुद्दा आईबापांचा. ‘पोरावर लक्ष ठेवायचं सोडून कंपनीला कसले दोष देता?’ लक्ष ठेवायलाच हवं, यात वाद नाही. पण लक्ष ठेवणाऱ्याला आधी दिसायला तर हवं. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो, तो बापाचा, आणि यूपीआयची खटपट बापापेक्षा पोरालाच जास्त येते. २०२१ च्या जुलैमध्ये आपल्याच राज्यात, छतरपूरला, तेरा वर्षांच्या मुलानं आईच्या खात्यातून सुमारे ४० हजार रुपये एका मोबाइल गेममध्ये घातल्यानंतर आत्महत्या केल्याची बातमी आली. तो गेम खेळांचा नव्हता, बंदुकांचा होता. आणि अशा मृत्यूला एकच कारण चिकटवणं उथळपणाचं ठरेल. पण ज्या व्यवहारात तेरा वर्षांचा मुलगा एकटा ४० हजारांपर्यंत जाऊ शकतो, तो व्यवहार नीट आहे, असं कोणी मला समजावून सांगावं.

कायद्याची बाजूही पाहा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, माणसाला करार करता येत नाही. १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही काउन्सिलनं असा करार मुळातच रद्दबातल असल्याचं सांगितलं, आणि शतक उलटूनही तोच दंडक चालत आला आहे. किराणावाल्यानं बारा वर्षांच्या पोराला उधारीवर पाच हजारांचे फटाके दिले, तर गाव त्या दुकानदाराला जाब विचारेल. पडद्यामागच्या दुकानदाराला मात्र आपण विचारत नाही. उलट बापालाच म्हणतो, तुझं लक्ष कुठे होतं?

यानंतर येतो स्वदेशीचा हुकमी मुद्दा. ‘रियल क्रिकेट’ हा नॉटिलस मोबाइलचा गेम. पुण्याच्या जेटसिंथेसिसनं त्या कंपनीत मोठा वाटा घेतला होता आणि २०२५ मध्ये ती दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनच्या ताब्यात गेली. ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा, मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजच्या छत्राखालचा. आपल्या माणसांनी आपल्या क्रिकेटवर बनवलेले हे गेम जगभर खेळले जातात, याचा मलाही अभिमान आहे. ‘भारतात कोणी आधी पैसे देऊन गेम घेत नाही, गेममधली विक्री बंद केली तर हे स्टुडिओ मरतील,’ हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. त्यात तथ्य आहे. आपल्याला फुकटाची सवय आहे.

पण फुकट खेळणाऱ्या बहुसंख्यांचा खर्च जे थोडे भरतात, ते कोण? त्यांत हौशी सुखवस्तू आहेत, तसेच स्वतःला थांबवता न येणारेही आहेत. २०१८ साली डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स या संशोधकांच्या अभ्यासात, जुगाराची समस्या जितकी तीव्र तितका अशा पुड्यांवरचा खर्च जास्त, असा संबंध आढळला. पुड्यांमुळे जुगाराची खोड लागते, की खोड असलेले पुड्यांकडे ओढले जातात, हे त्यातून ठरत नाही. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी धंदा कोणाच्या जिवावर चालतो ते कळतं. आणि पुडीवाचून खेळ मरतो, हे तर खोटंच. बेल्जियमच्या जुगार नियामकानं २०१८ मध्ये अशा पुड्या बेकायदा ठरवल्या. ईएनं ३१ जानेवारी २०१९ पासून तिथे पुड्यांसाठीच्या पॉइंट्सची विक्री थांबवली. फिफा तिथे नंतरही विकला गेला. रंगीत बॅट विका, संघाचा पोशाख विका, नवं स्टेडियम विका, महिन्याची वर्गणी घ्या. किंमत रुपयांत लिहा. विकत घ्यायची वस्तू डोळ्यांना दिसली पाहिजे आणि तिच्यामुळे समोरच्याची दांडी उडता कामा नये, एवढंच.

शेवटचा आक्षेप: ‘आता कायदा झाला, मग हा आरडाओरडा कशाला?’ ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मोहोर उठली. पैसे लावून, बदल्यात लाभाच्या अपेक्षेनं खेळायचे खेळ त्यानं बंद केले. ड्रीम११ नं पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं. पण पुडीतून मिळालेला पत्ता अधिकृतपणे पैशांत मोडता येत नाही. म्हणून ‘आमच्याकडे जिंकायला पैसा नाहीच, मग डाव कसला?’ असं म्हणायला या कंपन्यांना जागा राहते. विरोधकांच्या हातात आणखी एक चांगलं पान आहे: नेदरलँड्समध्ये ईएला झालेला १ कोटी युरोचा दंड तिथल्या वरिष्ठ न्यायपीठानं मार्च २०२२ मध्ये रद्द केला. पुडी उघडणं हा स्वतंत्र खेळ नसून एका कौशल्याच्या खेळाचा भाग आहे, असा त्याचा आशय होता. ठीक. मग जुगाराच्या व्याख्येवर वकिलांना खुशाल भांडू द्या. झाकलेला माल, खोटं घड्याळ, परकं चलन आणि अज्ञान ग्राहक, हे चारही एका व्यवहारात असतील, तर त्याला जुगार म्हणा किंवा नका म्हणू, तो व्यवहार सरळ नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक विक्रीवर अंतिम किंमत रुपयांत असावी. अठरा वर्षांखालच्यांना बंद पुडी विकू नये. विकत घेतलेल्या ताकदीचे सामने आणि खेळून कमावलेल्या ताकदीचे सामने वेगळे असावेत. गेम बंद करताना त्यात घातलेल्या पैशांचं काय होणार, हे गेम घेतानाच सांगितलेलं असावं. यातली एकही गोष्ट कोणत्या स्टुडिओला बुडवणारी नाही.

तोवर वाचकांनी तीन कामं करावीत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल, हे आजच लावून घ्यावं. पैसे गेलेच असतील तर गूगलकडे ४८ तासांच्या आत परताव्याचा अर्ज करावा. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि पोराला मारण्याआधी हे करावं. ज्या गेमला आपल्या मालाची किंमत रुपयांत लिहायची लाज वाटते, तो फुकट नाही. त्याला फुकट म्हणणं आपण सोडू या.